स्क्रीनवरच्या समया

शीला कदम सकाळपासून एका मशीनशी भांडत होती, आणि हे भांडण आजचं नव्हतं, दसऱ्यापासूनचं होतं. मशीन तिच्या डोंबिवलीच्या घरात नव्हतंच मुळी. ते होतं कोलशेतला, पाटलांच्या गोदामाच्या ऑफिसात, रिकाम्या खुर्चीपुढे. शीला घरच्या लॅपटॉपवरून रिमोट डेस्कटॉपने त्यात शिरायची आणि आल्या-गेल्या मालाच्या नोंदी करायची. सासूबाई मालनताई उन्हाळ्यात पडल्या, मांडीचं हाड मोडलं. धरून उठवल्याशिवाय त्यांना संडासलाही जाता येईना, तेव्हा मालक विकी पाटलाने ही सोय करून दिली होती.

आता त्या सोयीचेच बारा वाजले होते. एक आकडा टाइप करावा आणि तो उमटेपर्यंत भाजीला फोडणी देऊन यावं! कोलशेतच्या मशीनचा प्रोसेसर शंभर टक्क्यांना टेकलेला, इकडे घरचा लॅपटॉप तव्यासारखा तापलेला. इंटरनेटवाला म्हणाला, लाइन ओके आहे. भाचा सूरज म्हणाला, "मामी, हा डबा भंगारात टाक." ऑफिसचे कॉम्प्युटर बघणाऱ्या प्रेमला एकच मंत्र येत होता, "मॅडम, रिस्टार्ट मारून बघा ना." मारला. मारून मारून शीलाचा जीव मेटाकुटीला आला. मधूनच ती टेबलावर हात आपटून ओरडायची, आणि आतल्या खोलीत मालनताई गप्प पडून असायच्या.

शेवटी विकीचा फोन आला. "ताई, गाड्या खोळंबतात. जमत नसेल तर सोमवारपासून ऑफिसला ये."

ऑफिसला जायचं म्हणजे नोकरी सोडायची. नवरा तानाजी संध्याकाळी घरी येणार, दिवसभर म्हातारीला उठवणार कोण?

शनिवारी बारीक अक्षर दिसेना म्हणून शीलाने नोंदींची खिडकी स्क्रीनभर मोठी केली. प्रोसेसरचा आकडा धाडकन खाली आला. लहान केली, पुन्हा चढला. पुन्हा मोठी केली, उतरला. म्हणजे दुखणं खिडकीमागे होतं, आणि खिडकीमागे होते राघोशेठ.

राघोशेठ म्हणजे विकीचे आजोबा, गेल्या वर्षी वारलेले. दसऱ्याला यंत्रांची पूजा झाल्यावर विकीने हौसेने प्रत्येक कॉम्प्युटरवर त्यांचा हलता फोटो लावला होता. दोन्ही बाजूंना लवलवत्या समया, वरून अखंड झेंडूच्या पाकळ्या. साधा फोटो असता तर एकदा पाठवून काम भागलं असतं. इथे पाकळी हलली की चित्र नव्याने डोंबिवलीला धाडायचं, याच हमालीत ते मशीन दिवसभर धापा टाकत होतं.

एकच खिडकी मोठी ठेवून भागणारं नव्हतं, कामाला दोन-तीन खिडक्या शेजारी-शेजारी लागायच्या. तिने विकीला फोन लावला. "दादा, तेवढं ते वॉलपेपर माझ्या मशीनवरून काढू?"

"आजोबांना काढू?" विकीचा आवाज चढला. "ताई, समया विझवायला सांगतेस तू मला?"

शीलाचा तोल सुटला. "अरे, त्या खुर्चीत बसतं कोण? त्या समया तिथं कुणाला दिसतात? मला दिसतात, इथं, आणि माझ्या पोटावर पाय देतात!"

बोलून गेल्यावर तिला वाटलं, गेली नोकरी.

"साधा फोटो लाव," विकी म्हणाला. "पण लाव हां."

तिने लावला. राघोशेठ स्थिर झाले आणि नोंदी भराभर उमटू लागल्या. आनंद व्हायला हवा होता, पण तिला संतापच आला. मूठभर पाकळ्यांपायी केवढी फरफट!

सासूबाईंना सांगायला ती आत गेली. उशाशी सकाळी भरून ठेवलेला तांब्या काठोकाठ तसाच होता.

"आई, पाणी नाही प्यायलात?"

"तानाजी आला की पिईन."

"तो संध्याकाळी येणार. आत्ता का नाही?"

"प्यायलं की उठवावं लागतं गं तुला." मालनताई हळूच म्हणाल्या. "तू त्या मशीनवर एवढी चिडलेली. म्हटलं, आणखी आपला त्रास कशाला."

"रोज?"

मालनताईंनी पदराने कोरडे ओठ पुसले. शीलाने पेला भरला, पण तो त्यांच्या हातात देताना तिला त्यांच्याकडे बघवेना.