लिंबायत ते कामरेज: एका चिठ्ठीमागे दोन दिवस

सुरतला लोक साड्या आणायला जातात. मी गेलो प्रिंटर जोडायला, तेही मामीच्या एका फोनवर. "यास्ले सांजले काहीच दखास नही, तरी स्कूटर सोडत नही," ती अहिराणीत म्हणाली. मामाला संध्याकाळी काहीच दिसेनासं झालं होतं. मी धुळ्याहून सकाळची एसटी पकडली.

मामा लिंबायतमधल्या साडीच्या पेढीत वीस वर्षं आहे. कोणता माल कोणाला द्यायचा याची चिठ्ठी तपासायची, लाल पेन्सिलीने टिक मारायची आणि रोज स्कूटरवरून कामरेजच्या गोदामात पोचवायची, हे त्याचं काम. गेल्या महिन्यात त्याने स्कूटर दुभाजकावर घातली. शेठ म्हणाले, "चिठ्ठी लिंबायतमधून थेट कामरेजला छापता आली तर मामा खुर्चीवर बसून तपासतील. नाहीतर दुसरा माणूस बघतो." म्हणजे मामाची नोकरी माझ्या गळ्यात.

नवापूरला बस थांबते तेव्हा खाऊन घ्या, पुढे भूक मारत बसावं लागतं. उधन्याहून लिंबायतला शेअर रिक्षा मिळते, फक्त मांडीवर बॅग घ्यायची तयारी ठेवा.

दुपारपर्यंत मी दोन्ही जागा व्हीपीएनने जोडल्या, म्हणजे इंटरनेटवरून एक खासगी वाट काढली. मोठ्या ऐटीत चिठ्ठी कामरेजला सोडली. ती माझ्या कोपराजवळच्याच प्रिंटरमधून बाहेर आली.

"कामरेज लई जवळ उनं रे भाऊ!" मामा म्हणाला.

शेठनी दोन्हीकडचे राउटर एकाच दुकानातून, एकदम घेतले होते. दोघांच्या आतले पत्ते सारखेच. दोन गल्ल्यांत एकच घर नंबर असला की पोस्टमन जवळच्याच दारात पत्र टाकणार. कामरेजचे पत्ते बदलायला तिथेच जाणं भाग होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी स्कूटर मी चालवली. वाटेत लोचो खाल्ला. वाफवलेल्या डाळीचा, गरम, तेल-मसाल्यात न्हालेला, सुरतला आलात तर चुकवू नका. मामा मागे बसून रस्ता सांगत होता, "मोठा खड्डा उना ना? आते डावीकडे." समोर हत्तीएवढ्या अक्षरांत कामरेजची पाटी होती. ती त्याने पाहिलीच नाही. तो रस्ता खड्ड्यांवरूनच ओळखत होता.

पत्ते बदलले, लिंबायतला फोन केला, चिठ्ठी सुरळीत छापली गेली. मी हात वर करणार तेवढ्यात गोदामाचे हसमुखभाई म्हणाले, "पण लाल टिक क्यां छे? टिक वगर माल ना आपुं."

प्रिंटर फक्त काळं छापणारा, आणि टिकशिवाय माल सुटणार नव्हता. माझं सगळं ज्ञान तिथे आडवं झालं. शेवटी मामाने खिशातली लाल पेन्सिल काढली, मोडली आणि अर्धी हसमुखभाईंच्या हातात ठेवली. "मी फोनवर सांगसू, तू टिक मार. मंग फोटो धाड." वीस वर्षांची टिक त्याने अशी देऊन टाकली. मी उगाच वायर गुंडाळत राहिलो.

धुळ्याला परतून आठवडा झाला. चिठ्ठ्या व्यवस्थित छापल्या जातायत. मामाच्या डोळ्यांचं मात्र तसंच राहिलं, ही रुखरुख होती. मोतीबिंदूच्या ऑपरेशनचं नाव काढलं की तो उठून जायचा.

काल त्याचाच फोन आला. "ऑपरेशननी तारीख ली लिधी."

"एकदम कसा तयार झालास?"

"हसमुख टिक बराबर मारस का नही, फोटोमा दखासच नही ना भो!"