केरबांची तपासणी
झाशीच्या रेल्वे वस्तीत केरबा ढमाल्यांना सगळे चाबीवाले चाचा म्हणत. रुळांच्या चाव्या घट्ट करणारा चाबीवाला म्हणून बबीना स्टेशनाकडचे रूळ हातोडीनं ठोकत, रुळांचा आवाज ऐकत त्यांनी उभी हयात काढली. रोज तपासल्याशिवाय कशावर भरवसा ठेवायचा नाही, हा त्यांचा खाक्या. निवृत्तीनंतरही सुटला नाही मेला!

साखरेच्या आजारात तळव्याला जखम झाली, ती काही भरेना. डॉक्टरांनी समुद्री शेवाळाची पट्टी लावून बजावलं, "चाचाजी, इसका जेल बनेगा, उसी से घाव भरेगा. हम कहें तब तक खोलना मत."

केरबा रोज सकाळी खोलत. आत बुळबुळीत थर दिसला की पू समजून खसाखसा पुसत. त्याबरोबर नवी कोवळी कातडीही निघून येई. आता तर वास दारापर्यंत येऊ लागला होता. बायको इंदू ओरडली, "अहो, नका हात लावू!"

"ओरडतेस काय? दुखतंय का मला?" त्यांनी तळव्यावर बोटांनी टकटक केलं. "बघ, हूं नाही की चूं नाही."

ठोकल्यावर जो रूळ बोलत नाही तो आतून तडकलेला असतो, हे इंदूला त्यांनीच शिकवलं होतं.