ती मला अक्का म्हणते

न उलगडलेल्या अनुभवांच्या या पानावर मी कधी लिहीन असं वाटलं नव्हतं. वाचते मात्र नियमित, आणि खरं सांगायचं तर आजवर हसायलाच वाचत आले. माझी शाळा कलबुर्गीची, इंग्लिश मीडियम. बायोलॉजी आवडीचा विषय. घरी कुणी मीठ-मोहरी घेऊन दृष्ट काढायला बसलं की मी अभ्यासाचं निमित्त करून उठायचे. त्यामुळे पुढचं वाचून कुणी हसलं तर मला राग येणार नाही... नावं बदलली आहेत, बाकी जसं घडलं तसं.

माझं सासर मादन हिप्परग्याचं, आळंद तालुक्यातलं. घरात सासूबाई, मी आणि माझा नवरा शिवराज – तो आळंदला ज्युनिअर कॉलेजात फिजिक्स शिकवतो. मुलगी ईश्वरी तीन महिन्यांची असताना पहिल्यांदा ते झालं. दूध पिता पिता ती थांबली. आधी तळपाय गार पडले, मग पोटऱ्या, मग हात. ओठ राखेच्या रंगाचे. डोळे उघडे, पण माझ्याकडे नाही – माझ्या खांद्यामागे कुठंतरी लागलेले. रडणं नाही, झटका नाही, ताप नाही. थोड्या वेळानं रंग परत आला आणि ती पुन्हा प्यायला लागली.

मग ते वरचेवर व्हायला लागलं. कलबुर्गी झालं, सोलापूर झालं, शेवटी हैदराबाद. ईईजी, इको, एमआरआय, रक्ताच्या कसल्या कसल्या टेस्ट... सगळं नॉर्मल. वजन तेवढं वाढेना. हैदराबादच्या डॉक्टरांनी फाइलवर ‘इडिओपॅथिक’ असं लिहिलं. परतताना शिवराजनं विचारलं, “म्हणजे नेमकं काय झालंय तिला?” मी म्हटलं, “म्हणजे कारण माहीत नाही.” तेवढंच, जरा भारी शब्दात.

घरी मात्र कारण सगळ्यांना माहीत होतं. कारण मी होते. पाळण्यात असताना ते कधी झालं नाही, सासूबाईंच्या मांडीवर झालं नाही. दर वेळी माझ्याच. हे मलाही दिसत होतं, मी फक्त बोलत नव्हते.

“लेकरू गार पडायलंय आन् तू मोबाइलमदी काय बघायलीस?” सासूबाई ओरडायच्या.

“व्हिडिओ काढतेय, अत्या. डॉक्टरांनी मागितलाय.”

“काढ काढ. डॉक्टर बघून टाळ्या वाजवतेत.”

एक दिवस त्या जरा सौम्य आवाजात म्हणाल्या, “तुला लेकरू लाभंना, बाई. व्हतंय असं एखादीला. दुसरीच्या नावावर करावं लागतंय.”

आमच्या भागात ही रीत आहे. आईनं बाळ सुपात घालून उंबऱ्याच्या आत उभं राहायचं. बाहेर दुसऱ्या घरची, सगळी लेकरं धडधाकट असलेली बाई. आईनं मोठ्यानं म्हणायचं, हे लेकरू माझं नाही, तुला हवं तर घे. ती सूप घेते, आणि मग बाळ तिचं. ती ते परत आणून देते, पण सांभाळायला म्हणून – सोबत सांभाळण्याचा मोबदला म्हणून ज्वारी. पुढं मुलानं जन्म देणारीला आई म्हणायचं नाही. तिनंही ‘माझं’ म्हणायचं नाही.

मी नाही म्हटलं. शिवराज म्हणाला, “पाच मिनिटांचं काम आहे. म्हण आणि मोकळी हो. आपण मानतो थोडंच?”

बापानं यात काहीच म्हणायचं नसतं. तो अंगणात उभा राहून बघत होता.

शेजारची सुगलाबाई आली होती. दोन म्हशी, पाच पोरं, गल्लीच्या दुसऱ्या टोकाला ऐकू जाणारा आवाज. सकाळचं ऊन होतं. सुपात ईश्वरी मूठ चोखत पडली होती. माझ्या तोंडून शब्द कसेबसे निघाले.

“मोठ्यानं म्हण की,” सासूबाई म्हणाल्या. “शाळेत इंग्रजी पोएम म्हणत होतीस न्हवं?”

बायका हसल्या. मी मोठ्यानं म्हटलं.

त्या दिवसानंतर ईश्वरी एकदाही गार पडली नाही. महिन्याभरात गालांवर मांस आलं. मी डॉक्टरांना फोन केला, तर म्हणाले, असं आपोआपही जातं कधी कधी. ते वाक्य मी घट्ट धरून ठेवलं. सुगलाबाई मात्र रोज दारात. “माझी लेक बारीक कामून दिसायलीय? दूध पाजायलीस का न्हाई नीट?” मी हसून उत्तर द्यायचे. कामवालीनं मालकिणीला द्यावं तसं.

नवव्या महिन्यात गोवराच्या लसीला आरोग्य केंद्रात नेलं. सुगलाबाई सोबत होतीच – “माझ्या लेकीला सुई टोचायलेत आन् मी घरी बसू व्हय?” नर्सनं मान वर न करता विचारलं, “बाळाची आई कोण?”

“मी,” मी म्हणाले. सहज. सवयीनं.

मला माहीत आहे तुम्ही काय लिहिणार. ब्रेथ-होल्डिंग स्पेल. दुखलं की मुलं श्वास धरतात. मीही ते सगळं वाचलंय. पण सुई अजून टोचलीच नव्हती. नर्स सिरिंज भरत होती, आणि माझ्या हातातली ईश्वरी तळपायापासून गार पडत चालली होती.

सुगलाबाईनं तिला माझ्याकडून ओढून घेतलं, छातीशी धरलं. “माझी हाय गं, माझी हाय ही...” बोलता बोलता ओठांचा रंग परत आला. मग सुगलाबाई माझ्याकडे वळली. पहिल्यांदाच तिचा आवाज इतका हळू ऐकला मी.

“कामून म्हणलीस?”

आता ईश्वरी साडेतीन वर्षांची आहे. निरोगी, हट्टी, दिवसभर बडबडणारी. सुगलाबाई तिची आई. शिवराज तिचे अप्पा – त्यांच्यात काही बदललं नाही. मी अक्का.

शिवराज अजूनही योगायोग म्हणतो. परवा म्हणाला, “तिच्यासमोर एकदा म्हणून तर बघ. सोक्षमोक्ष लागेल.”

मी म्हटलं, “तू म्हण ना. तिला जवळ घे आणि सांग, ही तुझी आई.”

तो बॅग घेऊन कॉलेजला गेला. त्याच्या बसला अजून बराच वेळ होता.

योगायोग असेलही. दोन घटनांवरून काही सिद्ध होत नाही, एवढं मला कळतं. तिसऱ्यांदा करून बघायचं असतं, हेही कळतं. ते कुणी सुचवू नये, एवढीच विनंती. कारण कुणाला ठाऊक असेल तर जरूर लिहा, मी वाचेन.

काल अंगणवाडीतून येताना ईश्वरी म्हणाली, “अक्का, सगळ्यांची आई न्यायला येतीय. तू कुणाची आई हायस?”

“कुणाचीच नाही,” मी म्हटलं.

तिनं क्षणभर विचार केला. मग माझा हात थोपटला, आणि म्हणाली, “असू दे.”