राजाची खुर्ची

अण्णा गेल्याचा फोन आला तेव्हा मी जर्मनीतल्या ब्योब्लिंगेनच्या स्टेशनवर उभी होते. हॉस्पिटलची नर्स हळू, सोप्या जर्मनमध्ये सांगत होती आणि माझ्या मनात आलं, आता यांना घरी न्यायला कुणीच 'नाही' म्हणणार नाही... महिनाभर डॉक्टर त्यांना विमानात बसू देत नव्हते.

अण्णा माझे सासरे. मिरजेच्या शाळेत इतिहास शिकवण्यात त्यांची हयात गेली. सासूबाईंच्या मागे आमच्याकडे आले ते बॅगेत कपडे कमी आणि झेरॉक्स जास्त घेऊन. अडीचशे वर्षांपूर्वी अमेरिकेतल्या वसाहतींनी इंग्लंडच्या राजापासून सुटावं, म्हणून तिथल्या लोकांनी काढलेली पत्रकं होती ती. "लढाई नंतरची गं," ते म्हणायचे, "आधी भ्यालेल्या माणसाची समजूत काढावी लागली." राजाला शिव्या कुठे घातल्यात यापेक्षा वाचणाऱ्याची भीती कुठे घालवली आहे, ते बोट ठेवून दाखवायचे.

रविवारी पोहे झाले की सभा भरायची. हीटरशेजारची खुर्ची राजाची. तिथे बसेल त्याने राजाची बाजू मांडायची, तीही मनापासून. माझा नवरा तिथे बसला की हमखास पेंगायचा. रंगत यायची ती आमची लेक इरा बसली की. ती जर्मनमध्ये भांडायची, आजोबा मराठीत, आणि मधल्यामध्ये दुभाषी मी. एकदा तिने विचारलं, इंग्लंडनेच त्या लोकांना वाढवलं, शत्रूपासून सांभाळलं, त्याचं काय? अण्णा खूश झाले. "हा राजाचा हुकमी एक्का! सांभाळलं, ते कबूल. पण सांभाळलेल्याने कधी जायचं, हे सांभाळणाऱ्याने ठरवायचं का?" इरा ओरडली, "गेनाऊ, आजोबा!" म्हणजे अगदी बरोबर. आणि त्याच आठवड्यात मैत्रिणींबरोबर म्युनिकला आमच्याशिवाय जाण्यासाठी तिने तेच वाक्य माझ्यावर फेकलं. अण्णा पेपरामागे तोंड लपवून हसत होते.

मग त्यांचं हृदय थकलं. त्यांना मिरजेला जायचं होतं, आपल्या खाटेवर पडायचं होतं, बस. एका दुपारी हॉस्पिटलमध्ये पलंगाशेजारच्या खुर्चीकडे बघून म्हणाले, "सूनबाई, आज ही राजाची. बोल." मी बोलले. इथे उपचार चांगले आहेत, विमानात काही झालं तर काय करायचं, आणि अहो अण्णा, आम्ही आहोत ना तुम्हाला सांभाळायला... शेवटचा शब्द तोंडातून निघाला आणि मी जीभ चावली. ते हसले. "सांभाळताय, ते कबूल," एवढंच म्हणाले. पुढचं मला पाठ होतं. पण मी तरी काय करणार होते? डॉक्टरांच्या सहीशिवाय विमान कंपनी त्यांना घेत नव्हती. आणि खरं सांगते, ते मला हवे होते. मी वाद हरले होते, तरी त्यांचा हात धरून त्याच खुर्चीत बसून राहिले.

आम्ही त्यांच्या अस्थी मिरजेला नेऊन आलो. परवा रविवारी पोहे झाले. इरा उठली आणि हीटरशेजारच्या खुर्चीत जाऊन बसली. मराठीत उत्तर द्यायला कायम लाजणारी ती पोर, समोरच्या अण्णांच्या रिकाम्या सोफ्याकडे बघत म्हणाली, "आजोबा, नका ना जाऊ."

राजाची बाजू इतकी चांगली आमच्या घरात कुणी मांडली नव्हती. खोडून काढायला समोर कुणी नव्हतं.