पोपटी रंगातले म्हातारे लूम

आमचे लूम सरकारी अनुदानाला अपात्र ठरता ठरता राहिले, कारण ते फार सुंदर दिसत होते. आणि ते सुंदर दिसत होते, ही चूक माझी.

भिवंडीतल्या निजामपुऱ्याच्या एका गल्लीत आमचा लूमचा, म्हणजे यंत्रमागाचा, लहानसा कारखाना आहे. तो बायकोच्या, म्हणजे सुलभाच्या नावावर आहे आणि चालतोही तिच्याच जिवावर. माझ्याकडे दोन खाती : चहा सांगणे, आणि लाईट गेली की "लाईट गेली!" असं ओरडणे. (दुसरं खातं भिवंडीत बऱ्यापैकी पूर्णवेळ आहे.) लूम माझ्या वडिलांच्या काळातले. धागा तुटायचा, आडवा धागा नेणारा धोटा उडायचा, कापडात वितेवितेवर खोट! सुलभाला बिनधोट्याचे नवे लूम घेऊन पडद्याचं डिझाइनवालं कापड काढायचं होतं. जुनं यंत्र काढून नवं घेणाऱ्याला सरकार मदत करतं, हे कळल्यापासून ती कचेऱ्यांच्या पायऱ्या झिजवत होती. शेवटी फोन आला, पाहणीला सरकारी मॅडम येणार! अट साधी होती. लूम जुने आणि थकलेले हवेत. या परीक्षेत आम्ही तालुक्यात पहिले आलो असतो!

नेमकी आदल्या दिवशी खारबावला तिच्या भाच्याची हळद. निघताना तिने मला बजावलं, "ऐका, लूम हायेत तसेच ऱ्हाउ द्या. झाडू पन मारू नका. जेवढे वाईट दिसतील तेवढं बरं."

"बरं."

"बरं न्हाय. माझ्याकडं बगून बोला."

मी तिच्याकडे बघून "बरं" म्हटलं. मनापासून म्हटलं हो! पण ती गेली आणि मी कारखान्यात एकटा उभा राहिलो. दसऱ्याला आम्ही लूम धुतो, हार घालतो, पेढा ठेवतो. आणि प्रत्यक्ष सरकार दारात येणार तेव्हा लूम असे कळकट, तेलकट, अंगावर रुईचं जावळ? पाहुणे काय म्हणतील! नुसता हात फिरवू म्हणून फडकं घेतलं. फडक्याने लूमचा एक कोपरा चमकला. मग बाकीचा लूम फारच काळा वाटायला लागला. मग मी रंगाच्या दुकानात गेलो.

दुकानदाराने विचारलं, "लग्न आहे का घरी?"

"त्याहून मोठं आहे!" मी म्हणालो.

पोपटी रंग आणला. दोन हात मारले. आमचा जॉबर, म्हणजे लूमची दुरुस्ती बघणारा अन्सारी, कमरेवर हात ठेवून बघत राहिला. "सेठ, दुल्हन लग रही है!" मग मलाही चेव आला. म्हटलं, दुल्हन नुसती दिसून काय उपयोग, चाललीही पाहिजे! अन्सारीने झिजलेले पट्टे बदलले, बोल्ट आवळले, तेल पाजलं. मी झेंडूचे हार आणले.

सकाळी मॅडम आल्या. तरुण, हातात मोबाईल, पायात बूट. दारातच थबकल्या.

"जुने लूम कुठे आहेत?"

"हेच मॅडम!"

"हे तर नवे आहेत."

"नाही हो, फार जुने! माझ्याहून जुने!"

त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मग लूमकडे पाहिलं. तुलनेत मीच हरलो. "बनवल्याचं साल दाखवा," त्या म्हणाल्या. साल लूमच्या अंगावरच्या लोखंडी पाटीवर असतं. आणि पाटी पोपटी रंगाच्या दोन थरांखाली सुखाने झोपली होती! मी बोटाने चाचपत होतो, तेवढ्यात मॅडम वाकून बघायला गेल्या आणि आधारासाठी लूमवर हात टेकवला. हात पोपटी झाला. (दुकानदार म्हणाला होता, लगेच सुकतो.)

मी घाबरलो. "मॅडम, दिसण्यावर जाऊ नका, चालतात अगदी भिकार! थांबा, दाखवतो. अन्सारी, चालू कर!"

त्या लूमने आयुष्यात सलग वीतभर चांगलं कापड दिलं नव्हतं. त्या दिवशी एक धागा तुटेल तर शपथ! मी मनातल्या मनात म्हटलं, देवा, निदान लाईट तरी घालव. लाईट गेली नाही. भिवंडीत! अन्सारीची छाती फुगली. "मॅडम, ऐसा मक्खन तो कभी नहीं चला!"

"मग अनुदान कशाला हवंय?" मॅडमनी रुमालाने हात पुसत विचारलं.

आणि दारात सुलभा उभी. कपाळावर हळद, हातात खारबावच्या वड्यांचा डबा. तिने लूम पाहिले, हार पाहिले, मॅडमचा हात पाहिला, शेवटी मला पाहिलं. डबा ठेवला, रॉकेलचा बोळा घेतला आणि नवी साडी खोचून पाटीपाशी बसली. घासून घासून साल निघालं. माझ्या जन्माच्या आधीचं!

मॅडमनी मोबाईलवर लूमचा फोटो काढला आणि त्या हसल्या. "वय बसतंय. पण या फोटोवर कोण विश्वास ठेवेल? रंग उतरवा आणि मूळ अवस्थेतले फोटो पाठवा. त्यानंतर ठरेल."

"रंग ज्यानं लावलाय त्योच काढंल," सुलभा म्हणाली. शुक्रवारी लूम बंद असतात. पुढचे सगळे शुक्रवार मी लूम खरवडत बसलो. ती रागावली असती तर सुटलो असतो. पण ती फक्त "पेंटरसाहेब, जेवायला चला" एवढंच म्हणायची. एवढी वणवण तिची, आणि मी त्यावर दोन हात रंग मारला होता!

फोटो गेले. एका दुपारी ती मोबाईल नाचवत कारखान्यात शिरली. "पात्र! आपन पात्र झालो!" अन्सारी नाचला, मी नाचलो. आता माफी मागायलाच हवी होती. पण माणसांसमोर कशी मागायची? मग सुचलं, लूम धडधडत असताना इथे कानाशी ओरडलेलंही तिसऱ्याला ऐकू जात नाही. मी तिच्या कानाजवळ गेलो, डोळे मिटले आणि छातीभर श्वास घेऊन ओरडलो,

"सुलभा, मला माफ कर! मी गाढव आहे!"

नेमकी "सुलभा"नंतर लाईट गेली. आमचे लूम थांबले, गल्लीतले थांबले, सगळं चिडीचूप झालं आणि त्या शांततेत उरलेलं वाक्य एकटंच घुमलं.

सुलभा पदर तोंडाला लावून हसायला लागली. तेवढ्यात समोरच्या कारखान्यातून बशीरभाईंचा शांत आवाज आला, "अरे भाई, ते आमाला माहीत हाय. लाईट गेली ते सांग!"