सुलतानबीचं आभारप्रदर्शन

आभार मानावेत तर सुलतानबीनंच. भूकंपात गाव भुईसपाट झालं, तेव्हा मदतवाल्यांची रीघ लागली. दोन चादरी वाटणाऱ्यालाही नारळ आणि फोटो लागायचा. बाकीच्या बाया पदर तोंडात धरून मागं सरायच्या, तरणी सुलतानबी पुढं होऊन हात जोडायची. तेव्हापासून कुणी काही वाटायला आलं की बोलवा सुलतानबीला, अशी रीतच पडली.

पुढं लातुरात तिनं क्लासच्या पोरींसाठी मेस काढली. उद्याच्या कैक डॉक्टरणी तिच्याच वरणभातावर पोसल्या. यंदाच्या अवकाळीत गारांनी मेसच्या पत्र्यांची पार चाळण केली. पोरी दुसरीकडं जेवायला जाऊ लागल्या. छप्पर झालं नाही तर चूल बंद, हे तिला कळत होतं.

तेवढ्यात पेट्रोल-डिझेलची एक तेल कंपनी पत्रे वाटायला निघाली. वा रे दानशूर! नगरसेवक शिवकुमारअप्पांनी मांडव घातला, शेजारी पत्र्यांचा टेम्पो उभा केला. कंपनीच्या साहेबांना शाल घालायचं काम अर्थातच सुलतानबीकडं आलं.

आदल्या दिवशी मेसमध्ये जेवणाऱ्या जिक्रा नावाच्या पोरीनं तिला पेपर वाचून दाखवला होता. तेल-कोळशाच्या धुरानं हवा तापते, अवकाळीचा मार वाढतो, हे असल्या कंपन्यांना कधीचं ठाऊक होतं, तरी त्या मूग गिळून बसल्या. परदेशात आता त्यांच्याकडून भरपाई घ्यायचे कायदे होऊ लागलेत. भाकरी थापता थापता सुलतानबीनं ते पुन्हा वाचायला लावलं.

साहेबांनी भाषणात मात्र लोकांनाच झाडं लावायला सांगितलं. काय म्हणावं ह्या निलाजरेपणाला! मग सुलतानबी शाल घेऊन माईकपाशी आली.

"भूकंपात मी हात जोडले. जमीन कुणी हलवली नव्हती, तरी लोक धावून आले. हे तसं न्हाई. ज्याची म्हैस दुसऱ्याच्या ज्वारीत शिरते, तो कोंडवाड्यात दंड भरतो. शेतवाल्याकडून शाल घालून घेत न्हाई."

अप्पा माईक ओढायला धावले. साहेब कसंनुसं हसत म्हणाले, की बाईंना पत्रे नको असतील तर गाडी परत नेऊ. सुलतानबी मागं बघते तर बाया उठून टेम्पोभोवती उभ्या राहिलेल्या, आणि पेपरवाल्यांचे कॅमेरे चालू.

तिनं शालीची घडी करून ती साहेबांच्या खुर्चीवर ठेवली.

"पत्रे उतरवा. हा भरपाईचा इसार समजते. बाकीचं कधी आणता, तेवढं सांगा."