बारीची रिंग

"चाली ऱ्हायनं ना? मंग हात नको लावू."

हे म्हणताना आबा डावा तळहात कम्प्युटरच्या डब्यावर ठेवायचे, ताप आलेल्या पोराच्या कपाळावर ठेवावा तसा. डोळे मिटून आतली घरघर ऐकायचे आणि समाधानानं मान हलवायचे. आमच्या धंद्यात हे वाक्य सगळेच मनातल्या मनात म्हणतात. उघड म्हणणारा माणूस मी हा एकच पाहिला, आणि त्याच्यावर मी तीन वर्षं जळलो.

हे आधीच सांगितलेलं बरं. नाहीतर पुढं वाचताना तुम्हाला वाटेल की मी मोठ्या आदरानं कुणाची आठवण काढतोय. आदर नंतर आला, तोही मोठ्या नाखुशीनं.

मी इंजिनियर. पुण्यात सहा वर्षं नोकरी केली. वडिलांच्या आजारपणात गावी, ब्राह्मणपुरीला परत आलो आणि जवळच्या शहाद्याच्या एसटी स्टँडजवळ काचेच्या दाराचं ऑफिस थाटलं. दारावर 'वेब व अ‍ॅप' अशी निळी अक्षरं. बरोबर समोर, रस्त्याच्या पलीकडे, आबांचं झेरॉक्सचं दुकान. ते पूर्वी टायपिंग शिकवत, मराठी आणि इंग्रजी दोन्ही. टायपरायटर भंगारात गेले तसे झेरॉक्सकडे वळले, आणि पन्नाशी गाठता गाठता व्हिडिओ बघून बघून प्रोग्रॅम लिहायला शिकले. कीबोर्डवर बोटं मात्र टायपरायटरचीच पडायची. माझं दार बंद असलं तरी मला ते घाव ऐकू यायचे.

माझ्याकडे कोण येत होतं म्हणाल, तर लोगो मोठा करा म्हणणारे. एका केळीच्या व्यापाऱ्यानं वेबसाइट करून घेतली आणि केळीच्या घडाच्या जागी स्वतःचा फेटा बांधलेला फोटो लावायला सांगितला. मी लावला. आठवड्यानं म्हणाले, फेटा केशरी दिसत नाही. मी केशरी केला. ती वेबसाइट त्यांच्या जावयाखेरीज कुणी उघडली असेल असं मला वाटत नाही. मी रात्रंदिवस राबून अशा देखण्या, रिकाम्या वेबसाइटी करायचो.

आणि आबांनी काय केलं होतं? एक पान. पांढरं, एका ओळीचं. दुकानातून स्टँडचे फलाट दिसायचे. झेरॉक्स काढता काढता आबा मान वर करून बघायचे आणि टाइप करायचे, 'प्रकाशा गाडी लागनी.' थोड्या वेळानं, 'नंदुरबार गाडी निंघनी, आते पळू नका.' बस्स. रंग नाही, चित्र नाही. पण कॉलेजच्या पोरी, बँकेतले शिपाई, दूधवाले, सगळे घरून निघण्याआधी ते पान बघायचे. आबा जेवायला गेले की पानावर 'मी जेवाले गऊ' असं यायचं, आणि लोक तेवढा वेळ घरी थांबायचे.

"आबा, याला वेबसाइट म्हणत नाहीत," मी एकदा म्हणालो. त्यांच्याशी मी मुद्दाम शाळेतली मराठी बोलायचो.

"मंग काय म्हनतस?"

वर त्यांनी मला चहा पाजला.

खरी आग लागली ती पाण्याच्या बारीवरून, म्हणजे पाळीवरून. तापीकाठच्या एका गावात उपसा सिंचनाची सोसायटी आहे. नदीवर पंप, तिथून पाइप, आणि प्रत्येकाच्या वावराला पाणी सोडायचा एक वॉल. लाइट आली की पंप सुरू होतो आणि ज्याची बारी त्यानं शेतात हजर राहून पाणी वळवायचं. लाइट कधी येईल हे कुणालाच ठाऊक नसतं, आणि बारी कुणासाठी थांबत नाही. चुकली की पुढचा आठवडा. पूर्वी पाणी सोडणारा पाटकरी मोटारसायकलवर गावभर ओरडत फिरायचा. त्याचा घसा गेला तेव्हा चेअरमन माझ्याकडे आले.

मी जीव ओतून अ‍ॅप केलं. नकाशा, गट नंबर, हिरव्या रंगाच्या तीन छटा, पाणी आलं की मोबाइलवर थेंब पडल्याचा आवाज. सोसायटीच्या ऑफिसात भिंतीवर दाखवलं तेव्हा टाळ्यासुद्धा पडल्या. एक म्हातारे मात्र विचारत राहिले, "यामा मन्हं चिंचवालं वावर कथं शे?" मी त्यांना गट नंबर विचारला. तो त्यांना माहीत नव्हता. गावात वावर चिंचेनं ओळखतात, नंबरानं नाही.

पण अ‍ॅप मेलं ते वेगळ्याच कारणानं. नाव नोंदवताना मी प्रत्येकाचा मोबाइल नंबर घेतला होता. आता आपल्याकडे कुठल्याही फॉर्मवर नंबर मागितला की बाप पोराचा नंबर देतो, कारण ओटीपी पोरगाच वाचतो. आणि पोरगा असतो सुरतेला, नाहीतर पुण्याला. पहिल्या दिवशी लाइट आली आणि माझे थेंब टपटपले ते सुरतेच्या कापड मार्केटात आणि पुण्याच्या होस्टेलांमध्ये. गावात कुणाला पत्ता नाही. तासाभरानं पोरांचे फोन यायला लागले, "पप्पा, आपली बारी उनी." तोवर बारी पुढे गेली होती.

चेअरमननी फक्त रस्ता ओलांडला.

आबांनी सात दिवसांत काम केलं. पंपहाउसातल्या फळीवर त्यांनी फुटक्या काचेचा एक जुना मोबाइल पंपाच्याच लाइनवर चार्जिंगला लावला. लाइट आली की चार्जिंग सुरू, चार्जिंग सुरू झालं की तो आबांच्या कम्प्युटरला निरोप धाडणार, आणि निरोप पोचला की गावातल्या बटणांच्या फोनांवर एकामागून एक रिंग. एक रिंग म्हणजे लाइट आली. दोन रिंगा म्हणजे पुढची बारी तुमची. फोन उचलायचा नाही, वाचायचं नाही, फक्त निघायचं. याच कामासाठी मी नाशिकहून सेन्सर मागवायच्या बेतात होतो. चार्जरची कल्पना ऐकली तेव्हा मला इतका मत्सर वाटला की मी 'छान आहे' एवढंच म्हणून दुकानातून बाहेर पडलो आणि त्या दिवशी जेवलोच नाही.

दोष शोधायला म्हणून मी त्यांचा प्रोग्रॅम बघायला मागितला. त्यांनी खुर्ची दिली. सगळं एकाच फाइलीत, वरपासून खालपर्यंत, रामायण वाचावं तसं. नावंही त्यांच्याच भाषेतली: 'बारी_उनी', 'पानी_गयं', 'कोन_शे'. मध्येच वीस ओळी एका बाईच्या नावानं होत्या.

"हे काय?"

"ती मावशी," आबा म्हणाले. "फोन उचली लेस."

या मावशी म्हणजे गावातल्या एक विधवा, दीड एकर पपई एकटीनं करणाऱ्या. फोन वाजला आणि उचलला नाही तर माणसाचा अपमान होतो, असं त्यांचं मत. म्हणून त्या रिंग आली की उचलायच्या आणि बोलत बसायच्या. पाऊस, पपई, सून, गुडघा. तोवर प्रोग्रॅम थांबायचा आणि त्यांच्यामागच्या सगळ्यांचे फोन अडकायचे. मी असतो तर पाच सेकंदांत फोन तोडला असता. त्याला आमच्याकडे 'टाइमआउट' असं नावसुद्धा आहे. आबांनी त्यांचा नंबर यादीत सगळ्यात शेवटी नेला होता आणि स्वतःचा आवाज भरून ठेवला होता. मावशी बोलता बोलता थांबल्या की तो आवाज म्हणायचा, "हा मावशी." पुन्हा थांबल्या की, "बरं." आणि शेवटी, "पानी उनं, निंघ आते." त्या वीस ओळींच्या डोक्यावर लिहिलं होतं, 'इले बोलू द्या.'

मी आजवर लिहिलेल्या सगळ्या प्रोग्रॅमांमध्ये तशी एक ओळ नव्हती. हे मला तिथंच, त्या खुर्चीतच कळलं, आणि कळल्यामुळं राग जास्तच आला.

आता माझ्या करणीकडे येतो. फोन लावून देणारी जी ऑनलाइन सेवा आबा वापरत, तिथंच मीही गुपचूप खातं उघडलं. तसंच काहीतरी दुसऱ्या गावासाठी आपणही करावं, असा विचार. एप्रिलमध्ये त्या सेवेचा मेल आला. अमुक तारखेपासून जुनी पद्धत बंद, प्रोग्रॅममध्ये चार ओळी बदला, नाहीतर फोन लागणार नाहीत. आठ दिवसांची मुदत. आबांनाही तो गेला असणार, आणि आबा मेल उघडत नाहीत हे मला पक्कं ठाऊक होतं. "मेलमा नुसत्या जाहिराती ऱ्हातस," ते म्हणायचे.

रस्ता वीस पावलांचा. आठ दिवस मी तो ओलांडला नाही. एकदाच पडू दे, मग मी उचलेन, लोकांनाही कळू दे शिकलेला माणूस कशाला लागतो, असं मी स्वतःला सांगत होतो. रोज सकाळी काचेतून त्यांना फलाटाकडे मान वर करताना बघायचो आणि खाली बघून कामाला लागायचो.

ठरलेल्या दिवशी सकाळी दहाला लाइट आली. पंप सुरू झाला, रिंग कुणालाच गेली नाही. नेहमी रिंग जाते म्हणून पाटकऱ्यानं निर्धास्त वॉल उघडले. वावरात माणूस नाही. पाणी बांध फोडून गाडीवाटेनं नाल्यात गेलं. आबांना फोन आला तसे ते दुकान उघडं टाकून मोटारसायकलवर निघाले आणि वाटेत भेटेल त्याला सांगत फिरले. दुपारी परतले तेव्हा शर्ट अंगाला चिकटला होता. मी लॅपटॉप घेऊन गेलो, दुरुस्तीच्या ओळी मला आलेल्या मेलमध्येच होत्या, तो उघडला, चार ओळी बदलल्या, वीस मिनिटांत फोन सुरू. आबा मागं उभे राहून चष्मा पुसत होते.

"शिकेल माणूस शे," त्यांनी चेअरमनना फोनवर सांगितलं. "वीस मिनिटमा करी दिधं." ते ज्याला त्याला हेच सांगत सुटले. मला हवं होतं ते अगदी असंच होतं, आणि त्यातला एकही शब्द मला गोड लागला नाही.

कारण त्याच संध्याकाळी मावशी दुकानात आल्या. त्यांची बारी त्या दिवसाची होती. फेब्रुवारीत लावलेली पपई, वरून एप्रिलचं ऊन, आणि मावशी रिंगेची वाट बघत दिवसभर फोन मांडीवर घेऊन बसल्या होत्या. पुढच्या बारीपर्यंत त्यांची अर्धी रोपं माना टाकून गेली. पण त्या संध्याकाळी त्या रोपांचं बोलायला आल्याच नव्हत्या.

"आबा, मन्हावर राग उना का?" त्यांनी विचारलं. "मी भू बोलस म्हनीसन फोन बंद करा का?"

"नही वं मावशी," आबा म्हणाले. "मशीन बिघडनं व्हतं. तू बोलत जाय."

मी काउंटरला टेकून उभा होतो. बोलायची वेळ तीच होती. मी बोललो नाही.

त्या वर्षी दिवाळीनंतर आबांच्या मुलीनं त्यांना सुरतेला बोलावून घेतलं. मोतीबिंदू दोन्ही डोळ्यांत उतरला होता, फलाटावरच्या पाट्या दिसेनात. स्टँडचं पान त्यांनी स्वतःच बंद केलं, शेवटची ओळ लिहून: 'आते चौकशीखिडकीवर विचारा.' बारीचा प्रोग्रॅम कुणाकडे द्यायचा हे चेअरमननी विचारलं, तर त्यांनी माझं नाव सांगितलं. मला कुणी विचारलंही नाही.

मी त्यांना सुरत गाडीत बसवून द्यायला गेलो. पिशवी वर ठेवली, पाण्याची बाटली दिली, आणि उतरायची वेळ झाली तेव्हा मला राहवेना.

"आबा, एक सांगायचं होतं. एप्रिलमध्ये फोन बंद पडले तेव्हा... तो मेल मला आधीच..."

"माहीत शे," आबा म्हणाले. "तुन्हा मांगे उभा व्हतू. तारीख वाची मी."

सहा-सात महिने हा माणूस रोज माझ्याबरोबर चहा पीत होता आणि ज्याला त्याला माझं कौतुक सांगत होता.

"मग तरी माझ्याकडे का देताय?"

आबांनी माझ्याकडे बघितलं. त्यांना माझा चेहरा कितपत दिसत होता, देव जाणे.

"मंग कोनले देऊ?" ते म्हणाले. "आख्खा शहादामा तूच एक मेल वाचस."

कंडक्टरनं घंटी दिली. मी उतरलो. आबा शेजारच्या माणसाला गाडी सुरतेला किती वाजता पोचते ते विचारत होते; त्यांनी खिडकीतून पुन्हा पाहिलं नाही. गाडी वळून गेली तरी मी फलाटावरच उभा राहिलो, आणि खरं सांगायचं तर तेव्हाही मला त्यांचा हेवाच वाटत होता. माझी करणी जाणून ते इतके महिने गप्प राहिले होते. गप्प तर मीही राहिलो होतो, आठ दिवस.